सुईतून जाणारं अल्जिनेट जेल मजबूत करायचंय? आधी मिसळायला शिका

दरवर्षी एमटेकची नवीन बॅच लॅबमध्ये आली की पंधरा दिवसांत कुणीतरी हातात पेट्री डिश घेऊन येतंच, "ताई, जेल बनतंय पण चिमट्याने उचललं की तुटतंय, यात काय टाकू?" आणि दरवर्षी मी उलट विचारते की मिसळलंस कसं ते आधी सांग. कारण माझ्या हाताखालून गेलेली बहुतेक कमकुवत जेल्स केमिकल कमी पडलं म्हणून कमकुवत नव्हती, नीट न मिसळल्यामुळे होती, आणि अशा जेलमध्ये नॅनोक्ले (मातीचे अतिसूक्ष्म कण) टाकणं म्हणजे गाठी झालेल्या पिठल्यावर कोथिंबीर भुरभुरणं. म्हटलं एकदाचं सगळं लिहून टाकावं, दरवेळी तोंडाची वाफ दवडायला नको.

विषय थोडक्यात सांगते. इंजेक्टेबल हायड्रोजेल म्हणजे सिरिंजमध्ये पातळ आणि सुईतून आत गेलं की त्या खड्ड्याचा आकार घेऊन घट्ट होणारं जेल, जवळजवळ सगळं पाणीच, त्यात सेल्स मिसळून गुडघ्याच्या कार्टिलेजमधल्या खड्ड्यात किंवा हाडातल्या फटीत सोडायचे आणि तिथे हळूहळू खरा टिश्यू तयार व्हावा ही अपेक्षा. मी इथे अल्जिनेटच धरून बोलणार आहे, कारण रोज तेच हाताळते आणि ते स्वस्तही आहे. तपकिरी समुद्री शेवाळातून निघणारी ही लांबलचक साखळी. डेंटिस्ट दाताचं माप घ्यायला तोंडात जो गिळगिळीत लगदा भरतो आणि दोन-तीन मिनिटांत तो रबरासारखा होतो ना, तेही अल्जिनेटच, त्यात कॅल्शियम सल्फेट असतं आणि ते एकदम घट्ट होऊ नये म्हणून थोडं फॉस्फेट घातलेलं असतं. हे फॉस्फेट लक्षात ठेवा, त्याने माझा कसा पोपट केला ते पुढे सांगते.

आता "मजबूत" या शब्दाचं. तुमचं जेल नक्की कशात कमी पडतंय ते ठरवल्याशिवाय काहीही ऑर्डर करू नका. एक जेल असतं ते नुसतंच मऊ, बोटाने दाबलं की दबतं, सोडलं की परत येतं, म्हणजे स्टिफनेस कमी. दुसरं असतं खरवसासारखं, दिसायला घट्ट, वडी छान पडते, पण जरा वाकवलं की टचकन दोन तुकडे, म्हणजे टफनेस नाही. आणि तिसरं पहिल्या दिवशी झकास असतं आणि आठव्या दिवशी मीडियामध्ये (सेल्स वाढवायच्या पोषक द्रवात) त्याचा गाळ झालेला असतो. तिन्हींचा इलाज वेगळा आहे आणि बऱ्याचदा एकाचा इलाज दुसऱ्याला मारक असतो. स्टिफनेस वाढवायला कॅल्शियम वाढवत गेलात तर अल्जिनेट अजून ठिसूळ होतं, हे माझ्या सीनियरने मला सांगितलं होतं आणि मी अर्थातच ऐकलं नव्हतं.

किती मजबूत हवं हेही आधी ठरवा. गुडघ्याच्या कार्टिलेजचा कॉम्प्रेशन मॉड्युलस, म्हणजे दाबलं तर किती विरोध करतं त्याचं माप, साधारण अर्धा ते एक मेगापास्कल आणि सेल्स घालून केलेलं साधं अल्जिनेट जेल काही किलोपास्कल, फार तर दोन-तीन डझन, त्यामुळे जेल टाकलं आणि पेशंट चालायला लागला असं काही होणार नाही, नवीन टिश्यू जागा घेईपर्यंत जेलने तग धरायचा एवढंच मागायचं. शिवाय सेल्सनाही मत असतं. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या एंगलर-डिशर गटाने दाखवलं की मेसेन्कायमल स्टेम सेल्स (हाड, कार्टिलेज वगैरे बनू शकणाऱ्या मूळ पेशी) एक किलोपास्कलच्या खालच्या मऊ पृष्ठभागावर मेंदूच्या पेशींकडे झुकतात, ८ ते १७ वर स्नायूंकडे आणि २५ ते ४० वर हाडाकडे. नंतर २०१० मध्ये मूनी यांच्या हार्वर्डच्या लॅबने अल्जिनेटच्या आत सेल्स ठेवून पाहिलं तर हाडाकडे जायला ११ ते ३० किलोपास्कलचा पट्टा निघाला. आणि २०१६ मध्ये चौधुरी, मूनी वगैरेंनी तर सांगितलं की मॉड्युलस तोच ठेवून जेल जरा पटकन सैल पडणारं केलं, म्हणजे दाबून धरलं की हळूहळू ताण सोडून देणारं, तर सेल्स त्यात जास्त पसरतात आणि हाडही जास्त करतात. त्यामुळे काँक्रीट ओतू नका, आतल्या सेल्सना कूस बदलायला जागा हवी.

चला, कामाला लागू.

पहिली गोष्ट अल्जिनेट स्वतः. साखळीत दोन प्रकारच्या कड्या असतात, जी आणि एम, आणि कॅल्शियम घट्ट धरतात त्या सलग आलेल्या जी कड्या, अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडं बसावं तसं कॅल्शियम दोन साखळ्यांच्या मध्ये बसतं. म्हणून जी जास्त असलेलं अल्जिनेट घ्या, डब्यावर किंवा सर्टिफिकेटवर जीचं प्रमाण नसेल तर सप्लायरला मेल करा, उत्तर देतात. मॉलिक्युलर वेट जास्त असलेलं चांगलं, पण ते नंतर सुईत नडतं. आणि कृपया ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करू नका. १२१ डिग्रीला साखळ्या तुटतात, सोल्यूशन बाहेर काढलं की पाण्यासारखं पातळ दिसतं, लोक म्हणतात वा छान विरघळलं! ते विरघळलेलं नसतं, मेलेलं असतं. त्याऐवजी अर्धा-एक टक्क्याचं सोल्यूशन ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून काढा, लायोफिलाइज करा (गोठवून सुकवा) आणि निर्जंतुक सलाइनमध्ये परत हव्या त्या कॉन्सन्ट्रेशनला विरघळवा. कंटाळवाणं काम आहे, फिल्टर चोक होतो, अंगठा दुखतो, पण दुसरा रस्ता मला तरी मानवला नाही. विरघळवताना पावडर एकदम ओतायची नाही, स्टररवर भोवरा करून त्याच्या कडेला चिमटी-चिमटीने भुरभुरायची आणि रात्रभर फिरत ठेवायचं.

दुसरी गोष्ट कॅल्शियमचा हिशोब. हा कुणी करतच नाही, पेपरमधून आकडा उचलतात. २ टक्के अल्जिनेट म्हणजे मिलिला २० मिलिग्रॅम, सोडियम अल्जिनेटच्या एका कडीचं वजन १९८, म्हणजे साधारण १०१ मिलिमोलर (लिटरमागे मिलिमोल) कड्या झाल्या. त्यात ६० टक्के जी धरले तर ६० मिलिमोलर, आणि चार्जच्या हिशोबाने दोन जीमागे एक कॅल्शियम, म्हणजे ३० मिलिमोलर. याच्या अर्ध्यावर असाल तर कॅल्शियम वाढवायला वाव आहे, आणि दुप्पट गेला असाल तर जेल आक्रसून पाणी सोडेल, पांढरं पडेल आणि ठिसूळ होईल.

कॅल्शियम द्यायचं कशातून? कॅल्शियम क्लोराइड नको, ते इतकं झटपट घट्ट करतं की बाहेर कातडी आणि आत पातळ, मोदक फुटल्यावर सारण सांडावं तसं. मी कॅल्शियम कार्बोनेट आणि जीडीएल वापरते. जीडीएल म्हणजे ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन, टोफू जमवायला वापरतात तेच, पाण्यात पडलं की हळूहळू ग्लुकॉनिक ॲसिड होतं, ते कार्बोनेटचे कण विरघळवतं आणि कॅल्शियम सगळीकडून एकसारखं सुटतं. कूओ आणि मा यांनी २००१ मध्ये टिश्यू इंजिनिअरिंगसाठी हे नीट मांडलं. एका कार्बोनेटला दोन जीडीएल असं मोलर प्रमाण ठेवलं की पीएच न्यूट्रलच्या आसपास राहतो, जास्त जीडीएल टाकलं तर सेल्सना ॲसिडची आंघोळ.

५ मिलि जेलसाठी माझं प्रमाण असं आहे: अडीच टक्क्यांचं अल्जिनेट ४ मिलि, कॅल्शियम कार्बोनेटची अगदी बारीक पावडर १५ मिलिग्रॅम अर्ध्या मिलि सलाइनमध्ये सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी पसरवून), आणि जीडीएल ५३.५ मिलिग्रॅम अर्ध्या मिलिमध्ये. जीडीएल अगदी वापरण्याच्या मिनिटालाच विरघळवायचं, सकाळी करून ठेवलेलं संध्याकाळी नुसतं ॲसिड असतं. पावसाळ्यात त्याचा डबा उघडा राहिला की पावडर दमट होते आणि मग सेटिंगचा वेळ रोज वेगळा येतो, म्हणून आमच्याकडे तो सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डेसिकेटरमध्येच असतो.

आता मिसळणं, आणि इथे जरा थांबा. सगळे काय करतात, एका सिरिंजमध्ये साडेचार मिलि घट्ट अल्जिनेट आणि कार्बोनेट, दुसरीत अर्धा मिलि पातळ जीडीएल, आणि दोन्ही जोडून ढकलाढकली. पातळ द्रव घट्ट द्रवात शिरत नाही, त्याच्या बाजूने सटकतो. त्यापेक्षा अल्जिनेट दोन भागांत वाटा. पहिल्या सिरिंजमध्ये २ मिलि अल्जिनेट, कार्बोनेट आणि सेल्स (सेल्स त्याच अर्ध्या मिलि सलाइनमध्ये बसवा, वेगळा मीडिया ओतू नका, जेल पातळ होतं), दुसरीत २ मिलि अल्जिनेट आणि ऐन वेळी घातलेलं जीडीएल, म्हणजे दोन्हीकडे अडीच-अडीच मिलि आणि दोन्ही सारखेच दाट. मग दोन्ही सिरिंजा लुअर-लॉक कनेक्टरने जोडायच्या, कनेक्टर नसेल तर मेडिकलमध्ये सलाइनच्या नळीला लावायचा थ्री-वे मिळतो तोही चालतो, आणि वीस सेकंदांत पंधरा-वीस वेळा इकडून तिकडे. जोडण्याआधी दोन्हींतली हवा अगदी तोंडापर्यंत काढा. एक बुडबुडा राहिला की ढकलताना त्याचे शंभर होतात, आणि प्रत्येक बुडबुडा म्हणजे पुढे जेल तुटायची जागा.

किती वेळा ढकलायचं हे माझ्यावर विश्वास ठेवून मानू नका. एका सिरिंजमध्ये सेल्स न घालता खाण्याच्या लाल रंगाचा थेंब टाका आणि ढकलत बघा. पहिल्या तीन-चार झटक्यांत लाल पट्टे दिसतात, जिलेबीच्या पाकात केशराच्या रेषा दिसाव्यात तशा, मग गुलाबी ढग होतात, मग एका झटक्यानंतर अचानक सगळं एक रंगाचं. तो आकडा वहीत लिहा आणि त्यात पाच मिळवा. मागच्या वर्षी एका मुलाला हे करायला लावलं तर तो रोज आठ वेळा ढकलत होता आणि त्याचे पट्टे चौदाव्याला जात होते! त्याने दुसरं काहीही न बदलता नुसतं वीसवर नेलं आणि त्याचा मॉड्युलस तर वाढलाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सहा सॅम्पलमधला फरक आटोक्यात आला.

हे जेल पंधरा-वीस मिनिटांनी धरायला लागतं, पूर्ण व्हायला काही तास, कार्बोनेटचे कण किती बारीक त्यावर आहे. खड्ड्यातून वाहून जात असेल तर कॅल्शियमचा थोडा भाग सल्फेटमधून द्या, ते आधी पकड घेतं आणि बाकीचं काम कार्बोनेट निवांत करतं.

आणि आता तो फॉस्फेटचा किस्सा. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी चोवीस जेल्स टाकली, एकसारखी, काचेसारखी, आणि रात्री घरी जाताना नीट धुतलेली राहावीत म्हणून प्रेमाने पीबीएसमध्ये (फॉस्फेट घातलेल्या सलाइनमध्ये) बुडवून ठेवली. सकाळी चोवीस वेल्समध्ये चोवीस शेंबडाचे गोळे. पीबीएसमधलं फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं आणि वर त्यातलं सोडियम उरलेल्या कॅल्शियमची जागा बळकावतं. आधी मला वाटलं कंटॅमिनेशन, मग वाटलं अल्जिनेटचा लॉट खराब, सप्लायरला चार ओळींचा तिखट मेलसुद्धा गेला, नंतर माफीचा पाठवला. तेव्हापासून अल्जिनेटच्या आसपास पीबीएस आणि सायट्रेट बंद. विरघळवायला ०.९ टक्के सलाइन, धुवायला आणि ठेवायला हेपेस (पीएच सांभाळणारं, फॉस्फेट नसलेलं बफर) घातलेलं सलाइन आणि त्यात २ ते ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड. कल्चर मीडियातही फॉस्फेट असतंच, म्हणून लांबच्या प्रयोगात थोडं जादा कॅल्शियम लागतं, पण फार टाकलंत तर मीडियाच गढूळ होतो.

इथवर सगळं केलं आणि तरी मऊ वाटलं तर पुढचा उपाय मॉलिक्युलर वेटचं मिश्रण. टक्केवारी २ वरून ४ नेली तर स्टिफनेस वाढतो, पण सोल्यूशन इतकं दाट होतं की सुईतून जात नाही आणि मिसळताना सेल्स रगडले जातात. त्याऐवजी लांब साखळीच्या अल्जिनेटमध्ये आखूड साखळीचं मिसळा, आखूडवालं दाटपणात फारशी भर घालत नाही पण कॅल्शियम धरायला कड्या देतं. मूनींच्याच लॅबची ही युक्ती आहे आणि मला तर ती सगळ्यात कमी खर्चाची वाटते, लोक का वापरत नाहीत कोण जाणे. टक्केवारी बदलली की कॅल्शियमचा हिशोब परत करायचा हे सांगायला नको.

ठिसूळपणाची तक्रार असेल तर मात्र दुसरं जाळं हवं. मी ऑक्सिडाइज्ड अल्जिनेट आणि जिलेटिन वापरते. १ ग्रॅम अल्जिनेट १०० मिलि पाण्यात, त्यात सोडियम पेरआयोडेट साधारण ५४ मिलिग्रॅम, म्हणजे शंभरातल्या पाच कड्या उघडतील एवढं, अंधारात २४ तास, मग एथिलीन ग्लायकॉल घालून रिॲक्शन थांबवा, तीन दिवस डायलिसिस (पडद्याच्या पिशवीत ठेवून लहान रेणू धुऊन काढणं), लायोफिलाइज. यात जे अल्डिहाइड तयार होतात ते जिलेटिनच्या अमाइनशी बंध धरतात, आणि हे बंध सुटतात-जुळतात, त्यामुळे जेल वाकवलं की थोडा ताण गिळतं. एकूण अल्जिनेटच्या पाव भागापुरतंच हे बदला. जास्त केलंत तर दोन तोटे, उघडलेल्या कड्या कॅल्शियम धरत नाहीत आणि साखळीही लवकर तुटते. जिलेटिन शेवटी ३ ते ५ टक्के यावं इतपत जीडीएलच्या सिरिंजमध्ये घ्या आणि तिथलं अल्जिनेट तेवढं दाट करून घ्या म्हणजे शेवटचा हिशोब बिघडणार नाही, आणि ती सिरिंज ३७ डिग्रीला ठेवा, एसीच्या खोलीत पाच मिनिटांत ती जाम होते. सेल्स या सिरिंजपासून वेगळे ठेवा, आणि ट्रिस बफर कुठेही नको, त्यातलं अमाइन तुमची अल्डिहाइड्स खाऊन टाकतं. एक फुकटचा फायदा म्हणजे नुसत्या अल्जिनेटला सेल्स चिकटत नाहीत, जिलेटिनला चिकटतात, नाहीतर त्यासाठी आरजीडी पेप्टाइड (सेल्सना चिकटायला जागा देणारा प्रोटीनचा छोटा तुकडा) जोडत बसावं लागतं.

जेलएमए (उजेडाने घट्ट होणारं बदललेलं जिलेटिन) आणि उजेड हा पर्याय सगळ्यांना आवडतो कारण व्हिडिओ छान येतात. उघड्या जखमेत ठीक, पण त्वचेखाली दोन सेंटिमीटर आत ४०५ नॅनोमीटरचा निळसर उजेड कसा पोचवणार ते आधी सांगा.

आणि ते रबरासारखं ताणणारं जेल? २०१२ मध्ये हार्वर्डच्या सुओ यांच्या गटाने अल्जिनेट आणि पॉलिॲक्रिलामाइड एकत्र करून वीसपट ताणून दाखवलं, फ्रॅक्चर एनर्जी ९००० ज्यूल प्रति चौरस मीटरच्या आसपास, त्याआधी २००३ मध्ये होक्काइडोच्या गोंग यांनी डबल नेटवर्कची कल्पना मांडली होतीच. दरवर्षी कुणीतरी तो फोटो मला दाखवतं. वाचा, कल्पना घ्या, जाळ्यांपैकी एक तुटून दुसऱ्याला वाचवतं हे समजून घ्या, पण ॲक्रिलामाइड मोनोमर विषारी आहे, सेल्स असताना ते जेल बनवता येत नाही आणि शरीरात सोडून तिथे तर नाहीच नाही.

फिलरचं, म्हणजे जेलमध्ये भर म्हणून घालायच्या कणांचं, सांगते. हाडासाठी असेल तर नॅनो हायड्रॉक्सीॲपटाइट (हाडातल्या खनिजाचे सूक्ष्म कण) घाला, पण तेही ॲसिडमध्ये थोडं विरघळतं, म्हणजे तुमचं जीडीएल खातं आणि कॅल्शियम सोडतं, तेव्हा आधीचा हिशोब थोडा हलतो. लॅपोनाइट क्ले घेणार असाल तर ती आधी साध्या डीआय (क्षार काढलेल्या) पाण्यात पसरवा आणि मीठ नंतर, सरळ सलाइनमध्ये टाकली तर दह्यासारखी फाटते. वजनाने एक-दोन टक्क्यांनी सुरुवात करा. गोळे राहिले की जेल मजबूत होण्याऐवजी तिथूनच फुटतं, आणि सुईही तुंबते.

सुईबद्दल. २१ गेजची आतली रुंदी साधारण ०.५१ मिलिमीटर आणि २५ गेजची ०.२६, म्हणजे अर्धीच, पण दाब त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो, त्यामुळे साध्या द्रवाला पंधरापट जोर लागेल. अल्जिनेट जोर लावला की पातळ होतं म्हणून तितका नाही लागत, तरी मजबूत करण्याच्या नादात केलेला प्रत्येक बदल तुम्ही ज्या सुईने देणार त्याच सुईतून ढकलून बघा. जोर कमी करायचा असेल तर मोठी सिरिंज सोडा, १ मिलिची घ्या, १० मिलिवाल्या दट्ट्याचं क्षेत्रफळ तिच्या नऊ-दहापट असतं. सुईच्या तोंडाशी द्रव अचानक ताणला जातो तिथे सेल्स मरतात, २०१२ मध्ये स्टॅनफर्डमधल्या हाइलशॉर्न यांच्या गटाने दाखवलं की अगदी हलकंसं आधीच जमवलेलं अल्जिनेट सेल्सना तिथे वाचवतं, म्हणून मी मिसळल्याबरोबर ढकलत नाही, दोन-चार मिनिटं थांबते.

शेवटी मोजणं. सॅम्पल साच्यात ओतून करू नका, सुईतूनच साच्यात सोडा, ओतलेलं जेल नेहमी जास्त चांगलं येतं आणि तो आकडा खोटा असतो. ८ मिलिमीटर रुंद, ४ मिलिमीटर उंच चकत्या, २४ तास ३७ डिग्रीला कॅल्शियमवाल्या हेपेस सलाइनमध्ये, मग कॉम्प्रेशन, मिनिटाला १ मिलिमीटर, आणि मॉड्युलस नेहमी एकाच पट्ट्यातून काढा, मी १० ते २० टक्के स्ट्रेन (मूळ उंचीच्या किती टक्के दबलं ते) घेते. रिऑमीटरवर (दोन प्लेटांमध्ये जेल आडवं घासून म्हणजे शिअर करून मोजणारं मशीन) एक टक्क्याच्या आत स्ट्रेन, १ हर्ट्झ, प्लेटच्या कडेने सिलिकॉन ऑइलची रेघ ओढा नाहीतर जेल कडेने सुकतं आणि ग्राफ उगाचच वर चढत जातो, तुम्ही खूश होता. दोन्ही मशीनचे आकडे पडताळायचे तर कॉम्प्रेशनचा मॉड्युलस हा शिअरच्या साधारण तिप्पट यायला हवा. दहापट येत असेल तर रिऑमीटरवर जेल घसरतंय, खरखरीत प्लेट लावा. आणि प्रत्येक सेटमध्ये दोन चकत्या जास्त करा, एक आठव्या दिवशी आणि एक एकविसाव्या दिवशी दाबायला, लेबलवर अल्जिनेटचा लॉट नंबर आणि किती वेळा ढकललं तो आकडा, पाण्याने न पुसणाऱ्या पेनने.